उजव्या डोळ्यावरची पट्टी

८ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाळ मान धरायला लागलं हे वाचून आईने दोनदा डोळे पुसले आणि मग मलाच विचारलं की तू काय बघतोस.

तुझ्या मुंगीला दवाखान्यात नेऊन आणलं. आधीच सांगतो, घाबरायचं कारण नाही. तेव्हा पत्र मधेच टाकून रडत बसू नकोस, शेवटपर्यंत वाच. तू आणि भावोजी त्या धरणाच्या वसाहतीत, पदरात तान्हं बाळ आणि डोळ्यांचा दवाखाना इथे. म्हणून लेक आमच्याकडे ठेवलीस, तर आता भरवसाही ठेव.

डॉक्टर वयस्कर आहेत. बोलतात इतकं हळू की भांडायला मजाच येत नाही. तरी मी भांडलो, पण ते पुढे येईल. त्यांचं म्हणणं असं, की मुंगीला नीट दिसायला डोळ्यांवर वाजवीपेक्षा जास्त जोर द्यावा लागतो आणि त्या जोराने तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. दोन डोळे दोन दिशांना, म्हणजे मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रं. मेंदूला हा घोळ परवडत नाही. मग तो काय करतो, तर डाव्याचं ऐकायचंच सोडून देतो. डोळा चांगला धडधाकट आहे, पण त्याचं कुणी ऐकूनच घेत नाही म्हणून तो बघायला शिकत नाही. याला आळशी डोळा म्हणतात. मला हे नाव मुळीच पटलं नाही. ज्याला कुणी बोलूच देत नाही त्याला आळशी कसं म्हणायचं? कॉलेजात माझ्यावरही हाच शिक्का होता.

तिथे तपासणी करणारी एक मुलगी आहे. अक्षरांचे आणि चित्रांचे तक्ते घेऊन असते म्हणून मी तिला मनात तक्तेवाली म्हणतो. तिने मुंगीचा डावा डोळा हाताने झाकला, मुंगी मजेत चित्रं सांगत राहिली. मग उजवा झाकला, तर मुंगीने तिचा हात ढकलला, मान वेडीवाकडी केली आणि भोकाड पसरलं. माझं डोकंच फिरलं. मी पुढे होऊन म्हटलं की माझ्या भाचीला रडवायचं काम नाही. तिने माझ्याकडे न बघता नुसतं बोट करून खुर्ची दाखवली. आणि ताई, मी बसलो! आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

तर उपाय असा. चष्मा सतत, आंघोळ आणि झोप सोडून. आणि रोज सकाळी काही तास उजव्या डोळ्यावर पट्टी. हो, उजव्या, म्हणजे चांगल्या! मी इथेच भांडलो. म्हटलं, दिसतो तो डोळा बंद करायचा ही कुठली रीत? डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की उजवा सगळी कामं पुढे होऊन करतोय तोवर डाव्याची पाळी येणारच नाही. त्याला जरा गप्प बसवू, मग मेंदूला डाव्याचं ऐकणं भाग पडेल. हे लहानपणीच चांगलं साधतं, वय वाढलं की अवघड होत जातं. मुंगीला सहावं लागलंय, म्हणजे वेळ आहे, पण रमतगमत जाण्याइतकी नाही.

मी सकाळी लवकर फोटो स्टुडिओत कामाला जातो, त्यामुळे पट्टी लावायचं काम आईकडे. तिने पट्ट्यांचा डबा ताब्यात घेतला आहे आणि मला हात लावू देत नाही.

भावोजींना नमस्कार, बाळाला पापा. माझ्यावर जीव असू दे, थोडा मुंगीच्या वाट्याचा कापलास तरी चालेल.

तुझा
फटाक्या

१९ जून

चि. फटाक्यास,
अनेक आ.

पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि मग रडले. तू फक्त मधे रडू नकोस एवढंच लिहिलं होतंस.

खरं सांगू, मला तिचं ते तिरकं बघणं गोड वाटायचं. सगळे म्हणायचे की मोठी झाली की आपोआप जाईल, काहीजण तर भाग्याचं लक्षण म्हणायचे. मी खुशाल ऐकत राहिले. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायची, पायरी उतरताना पाय चाचपायची, फेकलेला चेंडू तिच्या हातात कधी बसायचा नाही. मी तिला धांदरट म्हणायचे. आता तो शब्द तोंडात कडू लागतो.

यांचं म्हणणं, सरळ ऑपरेशन करून डोळा जागेवर आणावा, कशाला त्या पोरीला पट्टीचा जाच. डॉक्टरांना हे विचार. भांडू नकोस, विचार. विचारणं म्हणजे प्रश्न करून गप्प बसणं, हे तुला लिहून द्यावं लागतं. प्राचार्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू कॉलेज सोडून बाहेर पडला होतास. ते काय सांगणार होते हे अजून आपल्या घरात कुणाला ठाऊक नाही.

बाकी, खुर्ची दाखवल्यावर आमचा फटाका बसला हे वाचून हे इतके हसले की बाळ दचकून उठलं. कोण आहे ही मुलगी? तिला सांग, आमच्या घरातर्फे तिचा सत्कार करायला हवा. पण भाचीच्या डोळ्यांच्या नावाखाली तू तिथे फेऱ्या घालशील आणि तपासणी तुझीच होईल, हे मला इथून दिसतंय, आणि माझे दोन्ही डोळे चांगले आहेत.

मुंगीचा चष्मा लावलेला, पट्टी लावलेला फोटो पाठव. ती कशी दिसते हे मला डोळे मिटून जुळवावं लागतं आणि दर वेळी चेहरा जुनाच येतो.

आईच्या पायांना जपा. तुझ्यावर माया आहेच, ती पुरवून वापर.

तुझी
ताई

२ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, मान्य. पण हात रिकामा नव्हता आणि मनाचं तर विचारूच नकोस.

आधी भावोजींचा प्रश्न. मी विचारला, गप्प बसलो आणि उत्तर पुरं ऐकलं, साक्षीला तक्तेवाली आहे. ऑपरेशनने डोळा सरळ दिसेल, पण त्याला बघायला शिकवता येणार नाही. शिकवणं पट्टीनेच. शिवाय मुंगीचा डोळा चष्म्यानेच बराचसा सरळ राहतोय, तू आलीस की बघशील. पुढे तिरळेपणा उरलाच तर ऑपरेशनचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी मनाने वाढवायचीही नाही, कारण चांगला डोळा फार झाकून ठेवला तर तोच मागे पडायचा. म्हणून अधूनमधून तपासणीला जावं लागतं. या शेवटच्या नियमाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पहिले आठवडे वाईट गेले. मुंगी पट्टी लावली की भिंतीला टेकून बसायची, हलायचीच नाही. मग आईने तिला आपल्या शिवणाच्या मशीनजवळ ओढलं. बटणांचा डबा उपडा करायचा आणि एकासारखं एक निवडायचं. आधी कोटाची मोठी, मग सदऱ्याची, आता झबल्यांच्या बटणांवर गाडी आली आहे. जवळून बारीक बघायचं काम पट्टीच्या वेळेत हवंच, असं तक्तेवालीनेही सांगितलं होतं. मुंगी स्वतःला आता दुकानाची मालकीण समजते. परवा मी एक बटण मागितलं तर उधारी बंद आहे म्हणाली.

आता माझं ऐक आणि हसू नकोस. तक्तेवालीच्या पांढऱ्या कोटाला खिसा आहे, त्यात एक पेन असतं आणि ती बोलताना ते पेन काढून परत ठेवते. बस, एवढंच. यावर माणूस जेवण सोडतो का? मी सोडलं. आईला वाटलं पोट बिघडलंय, तिने आणखी दोन दिवस उपाशी ठेवलं.

फोटो सोबत आहे. दवाखान्याच्या बागेतल्या बाकावर मुंगी बसली आहे आणि शेजारी तिचा हात धरून उभी आहे ती तक्तेवाली. मुंगीनेच हट्ट धरला म्हणून ती उभी राहिली, माझं त्यात काही नाही. एक गोष्ट तेवढी मनासारखी नव्हती. माझ्या खोलीत भिंतीवर माझा एक फोटो आहे ना, त्याच्या शेजारी हा लावला तर ती नेमकी माझ्याकडे पाठ करून भलतीकडे बघत होती. मग मी डार्करूममध्ये थोडी करामत केली आणि आता ती थेट माझ्याकडे बघते! आमच्या स्टुडिओचे मालक म्हणाले, कागद फुकट घालवतोस. त्यांना काय कळणार. त्याच बैठकीत तुझी प्रत काढली आणि एक तिच्यासाठी पाकिटात घालून ठेवली आहे. द्यायचा धीर झाला की देईन.

भावोजींना नमस्कार. माझ्या या अवस्थेवर दया असू दे, चेष्टा थोडी कमी.

तुझा
फटाक्या

१४ ऑगस्ट

चि. फटाक्यास,
अनेक आ.

फोटो बघितला. आधी आनंदाने बघितला, मुंगीचे गाल भरलेत, चष्म्यात ती एखाद्या छोट्या मास्तरणीसारखी दिसते. तुझी तक्तेवालीही शहाण्या चेहऱ्याची आहे. मग पुन्हा बघितला.

पट्टी मुंगीच्या डाव्या डोळ्यावर आहे.

समोरून बघताना आपला घोळ होतो म्हणून मी यांना समोर बसवलं आणि त्यांच्या तोंडाशेजारी फोटो धरला. त्यांचा डावा तोच तिचा डावा. यांनीही मला बसवून तसंच केलं. शंकाच नाही. तू पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतंस की पट्टी उजव्यावर हवी. मग हे काय? ज्या डोळ्याला शिकवायचं तोच इतके दिवस झाकून ठेवला का रे? म्हणून तर ती पट्टीत इतकी रमली नसेल ना? उजवा उघडा असेल तर कोणतीही मुलगी झबल्याची बटणं निवडेल.

मला दोष द्यायचा नाही, मी कोणत्या तोंडाने देऊ? मी इथे बसले आहे. आईचं वय झालंय, तिच्या हातून डावं-उजवं झालं असेल. पण वर्षं हातातून चालली आहेत आणि ती परत आणता येणार नाहीत. आईला नीट विचार. तिला लागेल असं बोलू नकोस. आधी विचार, तिचं ऐक आणि मग दवाखान्यात जाऊन खरं ते सांग.

रात्रंदिवस तोच फोटो समोर आहे. लवकर लिही. माझा जीव तुमच्यात आहे हे विसरू नका.

ताई

२० ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
न. वि. वि.

पत्र वाचलं, भिंतीवरचा फोटो बघितला. पट्टी डाव्यावरच. माझ्या डोळ्यांसमोर तीन आठवडे टांगलेला फोटो आणि मी त्यात पट्टी सोडून सगळं बघत होतो.

तू म्हणालीस तसा विचारणार होतो. खरंच. पण आई मशीनवर बसली होती, मुंगी नुकतीच पट्टी काढून खेळत होती आणि माझा आवाज माझ्या आधी खोलीत शिरला. आई म्हणाली की मी रोज उजव्यावरच लावते, हवं तर उद्या सकाळी थांब आणि बघ. मी म्हणालो, उद्या तू बरोबरच लावशील, इतके दिवस काय केलंस ते बोल! फोटो खोटं बोलत नाही. तिने फोटो बघायला चष्मा शोधायला हात लांबवला, तर मी फोटो ओढून घेतला. म्हटलं, चष्मा लागतो म्हणूनच हे झालंय.

त्यावर ती उठली आणि पट्ट्यांचा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला.

आता स्टुडिओत उशिरा जातो आणि पट्टी मी लावतो. म्हणजे लावायला बघतो. मुंगी मान फिरवते, पट्टीत केस अडकतात, मी ओढतो, ती ओरडते आणि घटकाभरात पट्टी फरशीवर. काल तिने मला सांगितलं की तू मामा नाहीसच, तू फटाक्या आहेस. नाव कुणी शिकवलं ते विचारत नाही. उजव्यावर पट्टी बसली की ती डाव्याने बघते का तेही मला कळत नाही, इतकं रडते. आई दुसऱ्या खोलीत मशीन चालवते. ती मधे पडत नाही, हे तर आणखी वाईट.

पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. माझ्यावरचा राग असू दे, आईवर नको.

फटाक्या

२२ ऑगस्ट

चि. सौ. लेकीस,
अ. उ. आ.

पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षर गोड करून घे. तुझ्या भावाने तुला काय लिहिलं असेल ते त्याच्या पावलांवरून कळतं. त्या दिवसापासून घरात दबकत फिरतो आहे. त्याला रागावू नकोस. तो पोरीसाठीच ओरडला, फक्त माझ्यावर ओरडला.

मी रुसलेले नाही. डबा त्याला दिला कारण मला भीती वाटली. मी पट्टी कशी लावायचे ते तुला सांगते. मुंगीला समोर बसवायचे नाही. कपडा समोर धरला की बाह्या उलटतात, शिकत होते तेव्हा कितीतरी वेळा डावी बाही उजवीकडे जोडून उसवली आहे. म्हणून तिला मांडीत पाठमोरी घ्यायची, तिची पाठ माझ्या पोटाला. मग तिचा उजवा तोच माझा उजवा, ज्या हाताने कात्री धरते त्या बाजूचा. कोपऱ्यांवरून अंगठा फिरवायचा, पट्टी गरम झाली की चिकटते आणि काढताना केस ओढत नाही. तेवढ्यात ती मला बटणांच्या भानगडी सांगायची. हे रोज केलं. यात चूक कुठे झाली ते मला सापडत नाही.

पण फोटो आहे म्हणतात. आणि तुम्ही सगळ्यांनी तो पाहिला, मलाच अजून बघायचा धीर झाला नाही. आता मशीनवर बसले की मला माझ्याच हातांची शंका येते. काल एका सदऱ्याची बाही तीन वेळा उलटून बघितली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. हात चुकत असतील तर पोरीच्या डोळ्याशी खेळ नको, म्हणून लांब राहते. ती रडते तेव्हा मशीन जोरात चालवते.

एवढं मात्र सांगते. मागच्या महिन्यात पट्टी लावलेली असताना तिने माझी फरशीवर पडलेली सुई उचलून दिली. मला सापडत नव्हती. ती कोणत्या डोळ्याने सापडली, ते देव जाणे.

बाळाला उन्हात फार वेळ ठेवू नकोस. तुम्हा सगळ्यांना माझा आशीर्वाद आहे, फोटोत दिसत नसला तरी.

तुझी
आई

३० ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरंच साष्टांग.

आधी बातमी. मुंगीचा डावा डोळा सुधारला आहे. पुन्हा वाच. सुधारला आहे.

मी दवाखान्यात गेलो तो मान खाली घालून. बोलायचं ते पाठ केलं होतं. पण तक्तेवालीने मला तोंड उघडू दिलं नाही, आधी तपासणी म्हणाली. मुंगीचा उजवा डोळा झाकला. मला वाटलं आता रडेल. मुंगीने नाक मुरडलं आणि चित्रं सांगायला लागली. मागच्या वेळी जिथे अडली होती ती ओळ गेली, तिच्या खालची गेली, आणखी खालच्या ओळीत तिने छत्रीला भोवरा म्हटलं आणि लगेच स्वतःच सुधारलं. डॉक्टरांनी दिवा लावून बघितलं आणि त्या हळू आवाजात म्हणाले की घरी कोण पट्टी लावतं? फार निगुतीने काम झालंय, इतकं नेमाने फार थोड्या घरांत होतं.

ताई, मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मी भांडायला लागलो! म्हटलं, शक्यच नाही, पट्टी तर चुकीच्या डोळ्यावर होती, माझ्याकडे पुरावा आहे. आणि खिशातून पाकीट काढलं. तेच, तिच्यासाठी ठेवलेलं. असं द्यायचं मी कधी मनात योजलं नव्हतं.

तक्तेवालीने फोटो बघितला, मग मान खाली घालून स्वतःच्या कोटाकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे. पेन काढलं, परत खिशात ठेवलं, आणि विचारलं की माझा खिसा त्या बाजूला कधी गेला?

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी करामत! ती माझ्याकडे बघावी म्हणून मी निगेटिव्ह उलटी घातली होती. सगळंच उलटलं. तिचं तोंड इकडचं तिकडे झालं, तसा तिचा खिसाही झाला आणि मुंगीची पट्टीही. तुझी प्रत त्याच बैठकीतली. ज्या फोटोच्या जोरावर मी आईला खोटं ठरवलं तो मीच खोटा केला होता. रोज हेच काम करतो, आणि तरी एकदासुद्धा डोक्यात आलं नाही.

तिने कारण विचारलं. निगेटिव्ह उलटी का घातली? मी सांगितलं. डॉक्टरांसमोर, मुंगीसमोर, आणि रांगेत बसलेल्या एका आजोबांसमोर. आजोबा म्हणाले की बरोबर आहे. तक्तेवालीचे कान लाल झाले आणि तिने खुर्ची दाखवली. मी बसलो. मग मुंगीचा कागद लिहून झाल्यावर म्हणाली की मला एक प्रत हवी, पण सुलटी.

डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या हातच्या पट्टीत जे आठ-दहा दिवस गेले तेवढ्याने काही बिघडत नाही, पण आता ज्या हातांनी लावली त्यांनाच लावू द्या. अजून बरेच महिने पट्टी आहे, मग हळूहळू कमी.

घरी आलो. आई कपडा कापत होती. या वेळी मी दारात थांबलो, आत आधी आवाज शिरू दिला नाही. सगळं सांगितलं. ती कात्री चालवत राहिली, कापायचं संपल्यावर तिने हात पुढे केला आणि फोटो मागितला. मी तिचा चष्मा शोधून दिला. तिने एक नजर टाकली आणि इतकी हसली की टाचण्या तोंडातून पडल्या. म्हणाली, अरे, हा मुंगीचा झगा मी शिवलाय, याची बटणं उलट्या अंगाला आहेत की! त्या दिवशी बघू दिलं असतंस तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. मी म्हटलं, हो. मग तिचे हात धरले. ते तिने सोडवून घेतले, कारण मुंगी पट्टीचा डबा घेऊन आली होती आणि पाठ करून तिच्या मांडीत बसत होती. अंगठा कोपऱ्यांवरून फिरला आणि मुंगीचं सुरू झालं की निळं बटण एकटं पडलंय, त्याला जोडीदार हवा.

तुझ्यासाठी सुलटी प्रत सोबत आहे. पुन्हा एकदा भावोजींच्या तोंडाशेजारी धरून बघ.

भिंतीवरची उलटी काढली आणि तिथेही सुलटी लावली. तक्तेवाली पुन्हा माझ्याकडे पाठ करून भलतीकडे बघायला लागली. मी म्हटलं, असू दे, खरी आहे तशी असू दे. मुंगी तिथेच उभी होती, उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा उघडा. तिने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्या फोटोकडे, आणि मला विचारलं की मामा, मग तुझाच फोटो तिच्या पलीकडच्या बाजूला का नाही लावत?

खिळा ठोकून झाला आहे. ती माझ्याकडे बघते आहे, आणि पट्टी उजव्यावर आहे.

भावोजींना नमस्कार, बाळाला पापा. लोभ असावा, आणि मला पुढच्या तपासणीच्या दिवसापर्यंत धीर असावा.

तुझा
फटाक्या